शंखाच्या आतला दाखला

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या उल्हास नदीत, समुद्र तेथून कित्येक कोस दूर असतानाही, भरतीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचते, आणि ओहोटी लागली की काठाकाठाने करड्या चिखलाचे रुंद पट्टे उघडे टाकून माघारी फिरते. हेच पाणी खाली ठाण्यापाशी दुभंगते. त्याची थोरली वाट वसईच्या खाडीने समुद्राला मिळते आणि धाकटी, अरुंद वाट ठाण्याच्या खाडीत उतरते, जिच्या तिवरांच्या बुडाशी आणि मोकळ्या चिखलावर मनोऱ्यासारख्या निमुळत्या शंखांच्या लहानलहान गोगलगायी इतक्या दाटीने चरत असतात की पाऊल ठेवण्यास जागा शोधावी लागते. त्यांच्यातच मधूनमधून बोटाहून लांब, जाडजूड, काळपट असा टेलिस्कोपियम आढळतो. आणि पुढे मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर गेले तर कपारीकपारींतून नेरिटा वंशाच्या वाटोळ्या, कोणी काळ्या, कोणी ठिपकेदार, कोणी पट्टेरी अशा गोगलगायींचे पुंजके दिसतात. हे सारे प्राणी आपल्या रोजच्या लोकलच्या मार्गापासून फार दूर नाहीत. तथापि त्यांच्यांत जाती किती, आणि शेजारीशेजारी बसलेल्या, जवळजवळ एकसारख्या दोन गोगलगायी एका जातीच्या की दोन जातींच्या, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी विज्ञानाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शंख बाजूला ठेवून त्याच्या आतील मांसातल्या प्रथिनांना प्रश्न विचारण्याची जी रीत काढली, तिचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

आपल्या किनाऱ्यावरील शंखांचे दप्तर जुने आहे. अलेक्झांडर अबरक्रॉम्बी यांनी मुंबईस जमविलेल्या शंखांवरून इंग्लंडातील जेम्स कॉस्मो मेलव्हिल याने १८९३ साली पंचवीस नव्या सागरी जातींची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी छापली. कोकणाचे आणि मुंबईचे नाव धारण करणाऱ्या काही शंखांची शास्त्रीय नावे त्या वेळची आहेत. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुब्रह्मण्यम्, करंदीकर आणि मूर्ती या तिघांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या सागरी गोगलगायींवर जे लेख लिहिले, ते आजही अभ्यासकाला हाताशी ठेवावे लागतात. या सर्व परिश्रमांविषयी मनात आदरच आहे. परंतु त्यांचा आधार मुख्यत्वे शंख हाच होता, म्हणजे त्याचे वेढे, त्यावरील कंगोरे आणि गाठी, तोंडाचा आकार, रंग आणि नक्षी. त्याला कारणही होते. शंख टिकतो, पेटीत घालून सातासमुद्रांपलीकडे पाठविता येतो, आणि प्राणी मरून शंभर वर्षे झाली तरी कपाटात जसाच्या तसा राहतो. मांसाची गोष्ट तशी नाही.

अडचण अशी की शंख हा जितका कुळाचा दाखला असतो, तितकाच तो परिस्थितीचाही असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण युरोपच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लिटोरिना सॅक्साटिलिस या खडकावरील लहानशा गोगलगायीचे आहे. जेथे लाटा जोराने आदळतात, तेथे तिचा शंख लहान व पातळ असतो आणि तोंड रुंद असते, कारण खडकाला घट्ट धरून राहण्यास मोठा पाय लागतो. उलट जेथे पाणी शांत आणि खेकडे पुष्कळ, तेथे तीच गोगलगाय मोठी, जाड शंखाची आणि अरुंद तोंडाची होते, कारण खेकड्याच्या नांगीला तोंड द्यावयाचे असते. या दोहोंच्या मधल्या छटा, त्यांत पुन्हा पिवळे, तपकिरी, पट्टेदार, चौकटीदार असे रंगभेद! परिणामी ऑलिव्हीने १७९२ साली या जातीचे नाव ठेवल्यापासून तिला नवी जाती किंवा उपजाती समजून पुन्हा पुन्हा नावे दिली गेली, आणि अशा नावांची संख्या शंभराच्या वर गेली. जे एक होते त्याचे शंभर झाले. आणि त्याच वेळी, त्याच खडकांवर, जे खरोखर निराळे होते ते मात्र त्या शंभरांच्या गर्दीत हरवून बसले. कारण लिटोरिना आर्काना ही शंखावरून सॅक्साटिलिसपासून जवळजवळ ओळखू न येणारी, परंतु पिलांना जन्म देण्याऐवजी खडकाच्या भेगांत अंड्यांचे पुंजके घालणारी जाती १९७८ पर्यंत कोणी वेगळी काढलीच नव्हती.

अर्न्स्ट मायर याने १९४२ साली जातीची जी व्याख्या रूढ केली, ती रूपावर नव्हे तर संबंधावर उभी आहे. ज्यांच्यात निसर्गतः आपसांत प्रजनन होते ते प्राणी एका जातीचे. ज्यांच्यात ते होत नाही ते भिन्न जातींचे. तत्त्व स्वच्छ आहे, परंतु खडकावरच्या हजारो गोगलगायींपैकी कोणाची सोयरीक कोणाशी झाली हे पाहत बसणे मनुष्याला शक्य नाही. तेव्हा असा काही पुरावा हवा की जो मातापित्यांकडून अपत्याकडे जसाच्या तसा उतरतो, लाटेने वा खेकड्याने बदलत नाही, आणि ज्यात माता व पिता या दोघांचाही वाटा स्वतंत्रपणे ओळखता येतो. प्रथिनांच्या ठिकाणी हे तीनही गुण बऱ्याच अंशी एकत्र येतात.

कारण प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची एक लांब साखळी, आणि त्या साखळीचा क्रम जनुकाने ठरवून दिलेला असतो. वीस प्रकारच्या या अम्लांपैकी काहींवर ऋण विद्युत्भार असतो, काहींवर धन, पुष्कळांवर काहीच नाही. साखळीत एका जागी एक अम्ल जाऊन दुसरे आले तर संपूर्ण प्रथिनाचा भार बदलू शकतो, आणि भार बदलला की विजेच्या क्षेत्रात त्या प्रथिनाची चालही बदलते. हे तत्त्व महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाचे आहे, फक्त निराळ्या संदर्भात. नंदुरबार, गडचिरोली, पालघर अशा भागांत आदिवासी समाजांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढ्याने एक ऋणभार कमी होतो, आणि ते हिमोग्लोबिन धनाग्राकडे जाताना नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मागे पडते. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली ही चालीतील तफावत दाखवून दिली. ज्याला दोन्ही पालकांकडून विकृत जनुक मिळाले त्याच्या नमुन्यात मागचा पट्टा, ज्याला दोघांकडून निकोप जनुक मिळाले त्याच्या नमुन्यात पुढचा पट्टा, आणि ज्याला एकाकडून एक व दुसऱ्याकडून दुसरे मिळाले, त्या वाहकाच्या नमुन्यात दोन्ही पट्टे. गोगलगायींच्या वर्गीकरणाची सारी युक्ती या तिसऱ्या प्रकाराभोवती फिरते; म्हणून वाचकाने तो लक्षात ठेवावा.

विजेच्या साह्याने प्रथिने वेगळी करण्याच्या या रीतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. स्वीडनच्या आर्ने टिसेलियसने १९३७ साली तिचे शास्त्रशुद्ध उपकरण सिद्ध केले आणि त्यासाठी त्याला १९४८चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते उपकरण अवजड, महाग आणि सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. मार्ग सुकर केला तो ऑलिव्हर स्मिथीजने. टोरांटो येथे काम करीत असताना त्याला बालपणी आई कपड्यांना द्यावयाची खळ शिजवी आणि ती थंड झाल्यावर थिजून तिची जेली बनत असे, ही गोष्ट आठवली. त्यावरून त्याने बटाट्याच्या स्टार्चची वडी थापून तिच्यातून प्रथिने चालविली, आणि १९५५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. स्टार्चच्या जाळीतून जाताना प्रथिने केवळ भाराप्रमाणेच नव्हे, तर आकारमानाप्रमाणेही विलग होतात, त्यामुळे पट्टे रेखीव पडतात. त्यानंतर दोनच वर्षांनी हंटर आणि मार्कर्ट यांनी त्या वडीवर एका विशिष्ट एंझाइमालाच, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनालाच, तेवढा रंग चढेल अशी रासायनिक योजना केली. हा शोध दिसायला लहान, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. कारण त्यामुळे गोगलगायीच्या पायाच्या चिमूटभर मांसातून, शेकडो प्रथिनांच्या गर्दीतून, हवे ते एकच प्रथिन नावानिशी पुढे बोलाविता येऊ लागले. १९६६ साली लेवॉन्टिन आणि हबी यांनी फळमाशीची अठरा जनुके या रीतीने तपासून एकाच जातीतील प्राण्यांत केवढी विविधता दडलेली असते हे दाखविले, आणि तेव्हापासून मासे, पक्षी, वनस्पती, मृदुकाय अशा सर्वच प्रांतांत या पट्ट्यांचे वाचन सुरू झाले.

प्रत्यक्ष कृती अशी. खडकावरून आणलेली गोगलगाय जिवंत अथवा तत्काळ गोठविलेली असावी लागते. फॉर्मेलिनमध्ये बुडविलेला नमुना या कामी निरुपयोगी, कारण त्यातील एंझाइमे निष्क्रिय झालेली असतात. शंख हलकेच फोडून पायाच्या स्नायूचा आणि पाचक ग्रंथीचा तुकडा काढतात, बर्फावर ठेवलेल्या भांड्यात थंड बफर द्रावणाच्या दोन थेंबांत तो घोटतात, आणि त्या रसात टिपकागदाची बारीक पट्टी भिजवून ती स्टार्चच्या वडीला पाडलेल्या चिरेत उभी करतात. एकाशेजारी एक अशा वीस-पंचवीस गोगलगायींच्या पट्ट्या एका वडीत बसतात. मग वडीच्या दोन्ही टोकांना वीज जोडून ती काही तास शीतकपाटात ठेवतात, कारण विजेने वडी तापली तर एंझाइमेच नासतील. वेळ भरल्यावर ताणलेल्या तारेने वडीचे आडवे पातळ थर काढतात, आणि प्रत्येक थर निराळ्या एंझाइमाच्या रंगद्रावणात बुडवितात. फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज हे एंझाइम पाहावयाचे असल्यास त्याला लागणारी साखर, एक मदतनीस एंझाइम आणि जेथे रासायनिक क्रिया घडेल तेथेच जांभळा होणारा रंग एवढे त्यात घालतात. अंधाऱ्या, उबदार जागी थर ठेवला की काही वेळाने त्या अर्धपारदर्शक तुकड्यावर जांभळे पट्टे हळूहळू उमटू लागतात, आणि प्रत्येक गोगलगायीच्या रांगेत एक किंवा अधिक पट्टे स्पष्ट होतात. हे एंझाइम दोन घटकांच्या जोडीने बनलेले असल्यामुळे संमिश्र वारसा असलेल्या प्राण्यात दोन नव्हे तर तीन पट्टे येतात: पुढचा, मागचा, आणि दोहोंच्या मध्ये, दोन्हींहून गडद, मिश्र जोडीचा.

आता या पट्ट्यांवरून निवाडा कसा होतो? समजा, एकाच खडकावरून चाळीस गोगलगायी आणल्या, आणि त्यांपैकी विसांत केवळ पुढचा पट्टा व विसांत केवळ मागचा पट्टा आढळला. तीन पट्ट्यांची संमिश्र गोगलगाय एकही मिळाली नाही. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली दाखविल्याप्रमाणे, हे सारे प्राणी एकमेकांत मुक्तपणे प्रजनन करीत असते तर चाळिसांतील सुमारे वीस संमिश्र निघावयास हवे होते. तसे असूनही केवळ योगायोगाने एकही संमिश्र न मिळण्याचा संभव लाख कोटींत एकाहूनही कमी आहे. म्हणजे या दोन गटांत प्रजनन होत नाही, आणि शंख कितीही सारखे दिसले तरी त्या दोन जाती आहेत. याउलट जाड शंखाच्या आणि पातळ शंखाच्या गोगलगायींत संमिश्र पट्टे गणिताने अपेक्षिलेल्या प्रमाणात सापडले, तर शंखाच्या भेदाला जातिभेद मानण्याचे कारण उरत नाही. जे प्रजनन कोणी पाहिले नाही, त्याचा हिशेब असा मागाहून लावता येतो. प्राणिशास्त्रात इतका सरळ युक्तिवाद क्वचितच भेटतो.

तथापि प्रथिनांची साक्षही उलटतपासणीवाचून स्वीकारू नये. पहिली मर्यादा भूगोलाची: वरील युक्तिवाद दोन्ही रूपे एकाच जागी नांदत असतील तरच लागू पडतो. एक नमुना रत्नागिरीचा आणि दुसरा कारवारचा असेल, तर संमिश्रांचा अभाव हा केवळ अंतराचा परिणाम असू शकतो. अशा प्रसंगी मासातोशी नेई याने १९७२ साली सुचविलेले जनुकीय अंतराचे मोजमाप वापरतात. परंतु अमुक आकडा ओलांडला म्हणजे जाती निराळी, असा दंडक कोणी घालू पाहील तर तो मान्य करू नये, कारण नव्याने विभक्त झालेल्या जातींत अंतर अल्प असते आणि एकाच जातीच्या दूरच्या वसाहतींत ते बरेच असू शकते. दुसरी मर्यादा पद्धतीची: भार न बदलणारे अम्लांचे फेरफार पट्ट्यात दिसत नाहीत, म्हणून दोन पट्टे एका रेषेत आले तरी त्यामागची प्रथिने एकच असतील असे नाही. शिवाय पाचक ग्रंथीचा रस काढताना गोगलगायीने खाल्लेल्या अन्नाची, आणि चिखलातील गोगलगायींत नेहमी आढळणाऱ्या परजीवी पर्णकृमींच्या अळ्यांची एंझाइमे त्यात मिसळतात. अशा वेळी वाचले जाते ते दुसऱ्याचेच प्रथिन.

सॅक्साटिलिस आणि आर्काना यांच्या बाबतीत तर प्रथिनांनी अभ्यासकांना मध्येच सोडले. त्यांच्या एंझाइमांत रूपांचे प्रमाण कमीअधिक निघाले, पण हे रूप केवळ याचे आणि ते केवळ त्याचे, असा निखालस भेद मिळाला नाही. तेथे शेवटी मादीची प्रजननाची रीत हाच खात्रीचा पुरावा ठरला. आणि स्वीडनच्या किनाऱ्यावर केर्स्टिन योहानेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. तेथे खडकाच्या वरच्या, केवळ तुषार पोहोचणाऱ्या पट्ट्यात सॅक्साटिलिसच्या एका एंझाइमाचे एक रूप अधिक, तर खालच्या, लाटांच्या पट्ट्यात दुसरे रूप अधिक, असा काही मीटरांच्या आत फरक होता. १९८८ साली समुद्रात विषारी शैवलांची लाट आली आणि खालच्या पट्ट्यातील गोगलगायी जवळजवळ नामशेष झाल्या. पुढे वरच्या पट्ट्यातून उतरलेल्या गोगलगायींनी ती जागा भरून काढली, म्हणजे वारशाने तेथे वरचेच रूप अधिक असावयास हवे होते. पण थोड्याच पिढ्यांत खालच्या जागेला साजेसे जुने प्रमाण पुन्हा प्रस्थापित झाले. निसर्गनिवड त्या एंझाइमाच्या ठिकाणी प्रबळ होती. तेव्हा ज्या प्रथिनाला आपण तटस्थ साक्षीदार समजतो, ते स्वतःच या मामल्यात पक्षकार असू शकते. म्हणूनच एका एंझाइमावर विसंबून न राहता पंधरा-वीस निरनिराळी एंझाइमे तपासण्याची शिस्त अभ्यासकांनी लावून घेतली.

याला जोडून डिंभाची गोष्ट सांगितली पाहिजे. नेरिटासारख्या गोगलगायींची अंडी फुटल्यावर बाहेर पडणारे सूक्ष्म डिंभ काही काळ समुद्रात तरंगत राहतात आणि प्रवाहांबरोबर दूरवर पसरतात. साहजिकच शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर त्यांची प्रथिने बहुधा एकसारखी राहतात. सॅक्साटिलिसची पिले मात्र जन्मतःच रांगतात, म्हणून तिच्या एका खडकाचा दुसऱ्या खडकाशी संबंध थोडका. जी गोगलगाय आपल्या जागेला चिकटून राहते तिच्यात स्थानिक भेद लवकर साठतात, आणि वर्गीकरणाचे घोटाळे तिच्याच वाट्याला अधिक येतात.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावाचे उदाहरण पाहावे. तेथे मूत्रमार्गाच्या बिल्हार्झिया रोगाचा प्रादुर्भाव असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली निदर्शनास आणले. या रोगाच्या कृमीला आपले जीवनचक्र पुरे करण्यास गोड्या पाण्यातील गोगलगाय लागते, आणि ती कोणतीही चालत नाही. आफ्रिकेत हे काम बुलिनस वंशाच्या गोगलगायी करतात, तर गिमवीस फेरिसिया ही टोपीसारख्या शंखाची चिमुकली गोगलगाय त्या जागी असल्याचे निष्पन्न झाले. बुलिनसच्या जाती शंखावरून इतक्या दुर्बोध की रोगवाहक कोणती आणि निरुपद्रवी कोणती हे सांगता येईना. तेव्हा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील सी. ए. राइट यांनी १९६०च्या दशकात त्यांच्या अंड्यांतील प्रथिनांचे पट्टे काढून त्यांची विभागणी करण्यास आरंभ केला. सागरी गोगलगायींच्या अभ्यासाला जी साधने पुढे उपयोगी पडली, त्यांतील काहींची कसोटी अशी या सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नावर लागली होती.

१९९०नंतर प्रथिनांचे बहुतेक काम डीएनएच्या वाचनाने आपल्याकडे घेतले, आणि ते योग्यच झाले. कारण तेथे अम्लांचा भार नव्हे तर मूळ मजकूरच वाचता येतो, आणि मद्यार्कात ठेवलेला नमुनाही चालतो. ठाण्याच्या चिखलावरील ज्या निमुळत्या शंखांचा उल्लेख आरंभी केला, त्यांच्या वंशाविषयी डेव्हिड रीड आणि तोमोवो ओझावा यांनी २०१६ साली जे विस्तृत पुनर्विलोकन प्रसिद्ध केले, त्यात शंख आणि डीएनए यांची एकत्र छाननी होऊन असे दिसून आले की पिरेनेला सिंग्युलाटा या एकाच नावाखाली अरबस्तानापासून जपानपर्यंतच्या अनेक जाती मोघमपणे घातल्या जात होत्या. आपल्याकडील पुष्कळ जुन्या अहवालांत हेच नाव कधी पोटामिडीस, कधी सेरिथिडिया अशा निरनिराळ्या वंशनामांखाली लिहिलेले आढळते. ते सारे दाखले आता पुन्हा उघडून तपासावे लागतील. परंतु डीएनएचा जो तुकडा सर्रास वाचला जातो तो केवळ मातेकडून येतो, आणि दोन जातींत संकर होत आहे की नाही हे त्या एकट्या तुकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही पालकांचा वाटा दाखविणारी जनुके पाहावीच लागतात, आणि ती पाहण्याचा विचार प्रथमतः याच जांभळ्या पट्ट्यांनी शिकविला.

आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर यापुढील कामाला एक निश्चित अट आहे. मेलव्हिलचा मोठा संग्रह आज वेल्समधील कार्डिफच्या संग्रहालयात सुरक्षित आहे. पण तेथील कोरड्या शंखांत एंझाइमे उरलेली नाहीत. मुंबईवरून नाव दिलेली एखादी जाती खरोखर स्वतंत्र आहे की कराची अथवा मालवणच्या दुसऱ्या एखाद्या जातीचेच रूप आहे, हे ठरविण्यास मूळ वर्णन ज्या किनाऱ्यावरून झाले त्याच किनाऱ्यावरची ताजी गोगलगाय लागते, तिचा शंख आणि तिचे मांस एकाच क्रमांकाने नोंदलेले लागते, आणि शेजारच्या रूपांच्या निदान वीस-तीस गोगलगायी त्याच ओहोटीत, त्याच खडकावरून घ्याव्या लागतात. मुंबईचे खडक भरावाखाली आणि भिंतींमागे जात आहेत, ठाण्याच्या खाडीतील चिखलाची प्रत बदलत आहे. ज्या ठिकाणांची नावे १८९३च्या वर्णनांत आहेत, त्यांपैकी जी अद्याप उघडी आहेत तेथून हे नमुने गोठवून ठेवण्याचे काम अगोदर व्हावयास हवे. पट्टे आणि अक्षरे मागाहूनही वाचता येतील.